मार्च १९२०: स्वयंनिर्णयाचा महिना आणि माणगावची परिषद

पहिल्या महायुद्धातील तोफा नोव्हेंबर १९१८ मध्ये थंडावल्या, जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा तह १० जानेवारी १९२० रोजी अमलात आला आणि त्यानंतरच्या पहिल्याच वसंतात, मार्च महिन्याच्या एकतीस दिवसांत, युद्ध जिंकणाऱ्यांनी जगाला दिलेली आश्वासने एकामागून एक कसोटीला लागली. बर्लिन, इस्तंबूल, दमास्कस, वॉशिंग्टन आणि आयर्लंडमधील कॉर्क या शहरांतील त्या महिन्याच्या घडामोडी जगाच्या इतिहासग्रंथांत नोंदलेल्या आहेत. त्याच महिन्याच्या २१ व २२ तारखांना करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानच्या छत्राखालील कागल जहागिरीतील माणगाव या खेड्यात भरलेल्या परिषदेची नोंद मात्र मराठी ग्रंथांबाहेर क्वचितच आढळते. या घटना एकत्र ठेवून पाहिल्या, तर त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न असल्याचे दिसते: ज्यांच्यावर राज्य केले जाते त्यांचा आवाज कोणी काढायचा, आणि तो त्यांनी स्वतः काढायचा असेल तर त्यांना तो हक्क कोण देणार?

या प्रश्नाला युद्धकाळात एक नाव मिळाले होते. प्रत्येक लोकसमूहाने आपली राज्यव्यवस्था आपणच ठरवावी या तत्त्वाला ‘स्वयंनिर्णय’ असे म्हटले जाऊ लागले. रशियातील क्रांतीचे पुढारी लेनिन यांनी त्याचा उच्चार साम्राज्ये मोडण्यासाठी केला, तर अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९१८ मध्ये शांततेच्या अटी मांडताना तो युरोपची नवी घडी बसवण्यासाठी केला. शब्द एकदा उच्चारला गेला की तो कोणी ऐकायचा आणि कोणी नाही हे उच्चारणाऱ्याच्या हाती राहत नाही, त्यामुळे कैरोपासून कलकत्त्यापर्यंत लोकांनी तो आपल्यासाठीच आहे असे मानले. युरोपात काही ठिकाणी तो प्रत्यक्षातही उतरला. डेन्मार्क आणि जर्मनी यांच्या सीमेवरील श्लेस्विग प्रांतात लोकांचे मत घेऊन हद्द ठरवण्यात आली, आणि १४ मार्च १९२० रोजी तेथील दुसऱ्या विभागाने मोठ्या बहुमताने जर्मनीत राहण्याचा कौल दिला, तो मान्यही झाला. युरोपबाहेर मात्र या तत्त्वाची धार लगेच बोथट झाली. एप्रिल १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात सर्व राष्ट्रांच्या समान वागणुकीचे कलम घालण्याची सूचना मांडली, ज्याचा रोख वंशभेदाविरुद्ध होता. सतरांपैकी अकरा मते तिच्या बाजूने पडली, तरी अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी अशा विषयाला एकमत हवे असे सांगून ती बाजूला ठेवली. या एका निर्णयात पुढच्या अनेक निराशांचे बीज आहे, कारण समतेशिवाय स्वयंनिर्णय म्हणजे बलवानाने दुर्बलाला दिलेली सवलत ठरते, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते.

मार्च १९२० चा पहिला दिवस हंगेरीत उजाडला तो या माघारीची खूण घेऊन. तेथील संसदेने, इमारतीभोवती लष्कराचा पहारा असताना, ॲडमिरल होर्थी यांना राज्याचा पालक म्हणून निवडले. ८ मार्च रोजी दमास्कस येथे भरलेल्या सीरियन काँग्रेसने स्वातंत्र्य घोषित करून अमीर फैसल यांना राजा केले. तुर्कांविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या अरबांना स्वतंत्र राज्याचे आश्वासन मिळाले आहे, अशी फैसल यांची समजूत होती. दोन महिन्यांच्या आत, एप्रिलमध्ये, इटलीतील सान रेमो येथे इंग्रज व फ्रेंच मुत्सद्द्यांनी तो प्रदेश ‘मँडेट’ म्हणून, म्हणजे राष्ट्रसंघाच्या नावाने चालवायच्या पालकत्वाखाली, आपसांत वाटून घेतला आणि जुलैमध्ये मैसलूनच्या लढाईनंतर फ्रेंच सैन्य दमास्कसमध्ये शिरले.

जर्मनीतील प्रकरण अधिक विस्ताराने सांगण्याजोगे आहे, कारण नव्या लोकसत्ताकाचे बळ आणि दौर्बल्य ही दोन्ही त्यात एकाच आठवड्यात दिसली. तहाप्रमाणे जर्मन सैन्य एक लाखावर आणायचे होते, म्हणजे युद्धावरून परतलेल्या आणि ‘फ्रायकोर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वयंसेवी पलटणी मोडायच्या होत्या. या पलटणींपैकी एऱ्हार्ट यांच्या नौदल ब्रिगेडने विसर्जनाचा हुकूम मानला नाही आणि १३ मार्चच्या पहाटे ती बर्लिनमध्ये शिरली. जनरल ल्युटविट्झ यांनी लष्करी बाजू सांभाळली आणि वोल्फगांग काप या अधिकाऱ्याने स्वतःला चॅन्सेलर म्हणवून घेतले. सरकारने नियमित सेनेला शहराचे रक्षण करण्यास सांगितले, तेव्हा सैनिकांनी सैनिकांवर गोळ्या झाडायच्या नाहीत अशी भूमिका सेनाधिकाऱ्यांनी घेतली, आणि अध्यक्ष एबर्ट यांच्या मंत्रिमंडळाला प्रथम ड्रेस्डेन व मग श्टुटगार्ट येथे आश्रय घ्यावा लागला. जे काम बंदुकांनी केले नाही ते कामगारांनी हात थांबवून केले: सार्वत्रिक संपामुळे राजधानीतील आगगाड्या, वीज, पाणी आणि छापखाने बंद पडले, कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांनी काप यांचे हुकूम पाळण्यास नकार दिला आणि १७ मार्च रोजी बंड कोसळले. लोकांच्या असहकाराने सशस्त्र सत्ता चार दिवसांत निष्प्रभ होते याचे इतके स्वच्छ उदाहरण त्या काळात दुसरे नाही. परंतु पुढे जे घडले ते तितकेच बोलके आहे. रूहर खोऱ्यातील कामगारांनी संप पुढे नेऊन सत्ता हाती घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा लोकनियुक्त सरकारने त्यांच्यावर पाठवलेल्या सैन्यात फ्रायकोरच्याच पलटणी होत्या.

बर्लिनमधील बंड मोडण्याच्या आदल्या दिवशी, १६ मार्च रोजी, दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने इस्तंबूलचा रीतसर ताबा घेतला. शहरात परकी फौजा आधीपासूनच होत्या, पण आता तारखाते, मंत्रालये आणि लष्करी कचेऱ्या त्यांच्या हाती गेल्या आणि राष्ट्रवादी प्रतिनिधींची धरपकड झाली. ऑटोमन संसदेने दोन दिवसांनी आपले कामकाज थांबवले. निवडून आलेल्या सभेला तिच्याच राजधानीत बसू द्यायचे नाही, हा निर्णय ज्यांनी लोकसत्तेच्या नावाने युद्ध जिंकले त्यांचा होता. त्याचे उत्तर अनातोलियाच्या पठारावरून आले: मुस्तफा केमाल यांनी अंकारा येथे नवी सभा बोलावली, ती २३ एप्रिल रोजी भरली, आणि तिच्यातूनच तीन वर्षांनी तुर्की प्रजासत्ताक जन्माला आले.

अमेरिकेत १९ मार्च रोजी सिनेटने व्हर्सायच्या तहावर दुसऱ्यांदा मतदान केले. बाजूने ४९ आणि विरुद्ध ३५ मते पडली, म्हणजे मान्यतेसाठी लागणाऱ्या दोनतृतीयांशाला सात मते कमी पडली. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या विल्सन यांनी सिनेटर लॉज यांच्या दुरुस्त्या स्वीकारू नयेत असा आग्रह धरला होता, त्यामुळे त्यांच्याच अनुयायांपैकी अनेकांची मते विरोधात गेली, आणि ज्याने राष्ट्रसंघाची कल्पना जगापुढे ठेवली त्याचाच देश त्या संघाबाहेर राहिला. दुसऱ्याच दिवशी कॉर्कचे महापौर टोमास मॅककर्टन यांना त्यांच्या घरात गोळ्या घालण्यात आल्या. चौकशीच्या पंचांनी पुढे त्याचा दोष पोलिसांवर आणि ब्रिटिश सरकारवर ठेवला, पण त्याआधीच आयर्लंड ताब्यात ठेवण्यासाठी भरती केलेल्या नव्या पोलिसांची, पुढे ‘ब्लॅक अँड टॅन्स’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या दलाची, पहिली तुकडी २५ मार्च रोजी तेथे उतरली.

हिंदुस्थानात या सर्व बातम्या तारेने येत आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुंबई-पुण्याच्या पत्रांत छापल्या जात. इस्तंबूलची बातमी येथे परदेशाची बातमी नव्हती, कारण तुर्कस्तानचा सुलतान हा खलिफा, म्हणजे सुन्नी मुसलमानांचा धर्मप्रमुख मानला जाई आणि त्याच्या सत्तेला धक्का लावणार नाही असे इंग्रजांनी युद्धकाळात सांगितले होते. मौलाना महंमद अली यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनमध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना भेटले आणि रिकाम्या हाताने परतले. त्याआधीच, १० मार्च रोजी, महात्मा गांधी यांनी खिलाफतीची मागणी नाकारली गेल्यास सरकारशी सहकार्य थांबवण्याचा मार्ग जाहीर निवेदनातून मांडला होता, आणि १९ मार्चचा शुक्रवार देशभर हरताळ पाळून खिलाफत दिन म्हणून साजरा झाला. २५ मार्च रोजी पंजाबातील अत्याचारांवरील काँग्रेसच्या चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. जालियनवाला बागेच्या जखमेला तोवर वर्षही झाले नव्हते. संप आणि महागाई यांनी मुंबईचा गिरणगाव जानेवारीतच हादरला होता, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने व अवर्षणाने खेड्यांची झालेली दैना अजून भरून निघाली नव्हती.

तथापि येथील राजकारणात तेव्हा सर्वांत जवळचा प्रश्न होता तो नव्या कायदेमंडळांचा. ऑगस्ट १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीकडे टप्प्याटप्प्याने जाण्याचे धोरण घोषित केले, डिसेंबर १९१९ मध्ये त्याचा कायदा झाला आणि त्याप्रमाणे १९२० च्या अखेरीस निवडणुका व्हायच्या होत्या. या कायद्यातील ‘द्विदल’ पद्धतीत शिक्षण, आरोग्य यांसारखी काही प्रांतिक खाती लोकनियुक्त सभेला जबाबदार मंत्र्यांकडे जाणार होती, म्हणजे सभेत कोण बसतो याला प्रथमच खरा अर्थ येणार होता. मतदानाचा हक्क मालमत्ता आणि शेतसारा यांच्या मापाने ठरवला गेल्याने ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते ते आपोआप बाहेर राहिले. मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या, ज्यासाठी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी आणि कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मोठा आग्रह धरला होता, पण अस्पृश्य मानलेल्या वर्गांना सरकारी नियुक्तीवर समाधान मानावे लागणार होते. मतदारसंघ ठरवण्यासाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे जानेवारी १९१९ मध्ये साक्ष देताना भीमराव रामजी आंबेडकर या तरुण प्राध्यापकाने याच ठिकाणी बोट ठेवले होते. अस्पृश्यांचे हितसंबंध इतरांहून वेगळे आहेत आणि ते अस्पृश्यांनीच निवडलेल्या प्रतिनिधींनी मांडले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही समितीपुढे साक्ष दिली होती. १९०६ पासून डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या द्वारे त्यांनी केलेले काम मोठे होते आणि त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मतभेद हेतूचा नव्हता, आवाज कोणाचा असावा याचा होता. मार्च १९१८ मध्ये मुंबईला सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारणाची मोठी परिषद भरली, लोकमान्य टिळकांसह अनेक थोरांनी तेथे अस्पृश्यतेचा निषेध केला, परंतु अस्पृश्यतेविषयी इतरांनी बोलायचे आणि अस्पृश्यांनी ऐकायचे हा क्रम तेथेही फारसा बदलला नव्हता.

तो क्रम बदलायला अनुकूल भूमी करवीर संस्थानात तयार झाली, हे कळण्यासाठी त्या संस्थानची आणि तेथील गावगाड्याची घडण समजून घ्यावी लागते. कोल्हापूर दरबारचा मुलूख सलग नव्हता. मध्ये कागल, कापशी, विशाळगड, बावडा, इचलकरंजी अशा जहागिरी, आणि कडेला ब्रिटिश जिल्हे अशी त्याची ठिगळांची रचना होती. दक्षिणेकडे याचे चित्र फार स्पष्ट दिसते. गडहिंग्लज कोल्हापूर दरबाराकडे होते, शेजारचे आजरे इचलकरंजी जहागिरीत मोडे, आणि गडहिंग्लजहून नेसरीवरून चंदगडकडे जाणाऱ्या वाटेने पुढे गेले की बेळगाव जिल्हा, म्हणजे थेट ब्रिटिश मुलूख लागे. नेसरीच्या खिंडीत १६७४ मध्ये प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथी पडले, त्यांची स्मृती या भागात जिवंत आहे, आणि सैनिकी पेशाचे आकर्षण या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, आणि १९१७ मध्ये महारांची १११ क्रमांकाची स्वतंत्र पलटणही उभी राहिली, जी युद्धानंतर लवकरच, १९२१ मध्ये, मोडण्यात आली. युद्धात ज्याने इतरांच्या खांद्याला खांदा लावून बंदूक धरली, त्याला परत आल्यावर गावच्या पाणवठ्यापासून दूर उभे राहावे लागे. शेतकऱ्याच्या मुलाला युद्धाने जग दाखवले असेल, तर महारवाड्यातील मुलाला त्याने त्याहून अधिक काही दाखवले: सरकारची गरज असली की जातीची अट सैल होते.

या गावगाड्यात महारकीचे वतन हा केवळ उत्पन्नाचा प्रश्न नव्हता. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या गावकामाच्या बदल्यात मिळालेली जमीन आणि धान्यातील वाटा. महाराने सरकारी टपाल न्यावे, सारा कचेरीत पोचवावा, शिवेची साक्ष द्यावी, फिरतीवरच्या अधिकाऱ्याची सरबराई करावी, मेलेली जनावरे ओढून न्यावीत, आणि हे सर्व दिवसाच्या कोणत्याही प्रहरी, नकाराचा हक्क न ठेवता करावे. त्याच्या वाट्याची इनाम जमीन भावकीत वाटली जाऊन इतकी तुटपुंजी झालेली असे की तिच्यावर कुटुंब जगत नसे, पण तीच जमीन त्याला गावाशी बांधून ठेवी. शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये हे वतन रद्द करून जमिनी रयतावा पद्धतीने, म्हणजे नेहमीच्या शेतकऱ्याप्रमाणे सारा भरून, ज्याच्या त्याच्या नावावर करण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी काही जातींच्या माणसांना पोलिसांपुढे लावावी लागणारी दैनंदिन हजेरी बंद करण्यात आली. १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या होत्या, १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा, तसेच दवाखाने, पाणवठे व सरकारी इमारतींत भेद न पाळण्याचा हुकूम दिला. १९२० च्या जानेवारीत जोगतिणी व मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा झाला, ज्याचे महत्त्व सौंदत्तीच्या यल्लम्माची वाट चालणाऱ्या दक्षिणेकडील गावांना अधिक कळावे. हे हुकूम राजाच्या सहीने निघत होते आणि राजाच्या इच्छेवर टिकत होते, ही त्यांची मर्यादा खुद्द शाहूंना पुरेपूर ठाऊक असावी. अस्पृश्यांचा पुढारी अस्पृश्यांतूनच आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह त्या जाणिवेतून आलेला दिसतो.

तो पुढारी त्यांना दत्तोबा पवार या कोल्हापूरच्या चर्मकार समाजातील कार्यकर्त्यामुळे जवळून परिचित झाला. शाहू मुंबईत परळच्या चाळीत आंबेडकरांना भेटायला स्वतः गेले, आणि त्यांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. त्याच्या संपादकपदी पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, कारण आंबेडकर तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, लंडनमधील अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्याच्या विचाराने, ते त्या नोकरीतून मोकळे झाले. ज्या दिवसांत काप यांचे सैनिक बर्लिनमध्ये तळ ठोकून होते, त्याच दिवसांत अठ्ठावीस वर्षांचा हा माजी प्राध्यापक दक्षिण महाराष्ट्रातील आपल्या पहिल्या मोठ्या परिषदेच्या तयारीला लागला होता.

‘दक्षिण महाराष्ट्र बहिष्कृत वर्गाची परिषद’ भरवण्यात माणगावचे जैन पाटील अप्पासाहेब दादगोंडा पाटील यांनी पुढाकार घेतला. ही गोष्ट ओलांडून जाण्यासारखी नाही, कारण गावच्या पाटलाने आपल्या वेशीत बहिष्कृतांचा मंडप उभारू देणे आणि त्याचे यजमानपद घेणे याची किंमत त्या काळी त्यालाच मोजावी लागणारी होती. २१ मार्चचा रविवार हा त्या वर्षी चैत्र शुद्ध प्रतिपदेचा, गुढीपाडव्याचा दिवस होता, त्यामुळे घरोघरी गुढ्या उभ्या असताना महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून निघालेली माणसे माणगावच्या मंडपात जमली. अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी दयेची याचना केली नाही. जन्मावरून ठरवलेली योग्यता आणि जन्मावरून ठरवलेली पवित्रता या दोन मापांनी हिंदू समाजाची उतरंड कशी रचली गेली आहे, ब्राह्मणेतरांना पहिल्या मापाचा तोटा होतो पण अस्पृश्यांना दोन्ही मापांचा, आणि म्हणून दोघांचे दुःख एकाच जातीचे असले तरी एकाच खोलीचे नाही, असे विवेचन त्यांनी केले. या उतरंडीचा सर्वांत घातक परिणाम त्यांच्या मते माणसाच्या स्वाभिमानावर होतो, आणि त्यावर उपाय म्हणून राजकीय सत्तेत स्वतःचा वाटा हवा.

शाहू छत्रपती स्वतः परिषदेस उपस्थित राहिले. अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी सापडला आहे आणि एक दिवस तो सबंध हिंदुस्थानचा पुढारी होईल, अशा आशयाचे उद्‌गार त्यांनी भरसभेत काढले. आंबेडकरांना त्यांनी मानाचा फेटा बांधला आणि परतण्यापूर्वी रजपूतवाडीच्या आपल्या तळावर भोजनाला येण्याचे निमंत्रण दिले. राजाने अस्पृश्याला आपल्या पंगतीला बोलावणे आणि ते बोलावणे हजारोंच्या कानांवर जाईल अशा रीतीने देणे, याचा अर्थ त्या मंडपातील प्रत्येकाला कोणत्याही कायद्याच्या कलमापेक्षा लवकर समजला असेल.

परिषदेने पंधरा ठराव केले. बादशहांविषयी निष्ठा व्यक्त करणारा ठराव त्या काळच्या रिवाजाप्रमाणे होता, पण इतर ठरावांचा सूर निराळा आहे. शाहू छत्रपतींचा जन्मदिवस सण म्हणून पाळावा, सार्वजनिक रस्ते, विहिरी, शाळा आणि धर्मशाळा यांचा वापर हा अस्पृश्यांचा माणूस म्हणून असलेला हक्क आहे, प्राथमिक शिक्षण मुलामुलींसाठी सक्तीचे व मोफत असावे, तलाठ्याच्या जागा अस्पृश्यांनाही मिळाव्यात, मृत जनावराचे मांस खाणे बंद व्हावे, आणि कायदेमंडळात आपले प्रतिनिधी आपल्या संख्येच्या व गरजेच्या प्रमाणात, आपल्याच मतांनी निवडलेले असावेत, अशा मागण्या त्यांत होत्या. तलाठ्याच्या जागेची मागणी वरवर किरकोळ वाटते, परंतु गावाच्या दप्तरात कोणाचे नाव कोणत्या रकान्यात लिहिले जाते यावर माणसाची जमीन आणि पत ठरते हे ज्यांनी भोगले, त्यांनाच ती सुचू शकते. प्रतिनिधित्वाचा ठराव म्हणजे श्लेस्विगच्या मतदारांना जो हक्क मिळाला आणि दमास्कसच्या काँग्रेसला जो नाकारला गेला, त्याच हक्काची गावकुसाबाहेरच्या माणसाने केलेली मागणी होय. फरक इतकाच की पॅरिसमध्ये तो राष्ट्रांसाठी मोजला जात होता, आणि माणगावने तो राष्ट्राच्या पोटातील माणसांसाठी मागितला. परकी सत्ता गेल्यावर ‘स्व’ म्हणून जे उरेल त्यात आपण असू का, हा प्रश्न त्या महिन्यात इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे कोठे विचारला गेल्याचे आढळत नाही.

मे महिन्याच्या आरंभी शाहूंनी संस्थानात वेठबिगारीविरुद्ध हुकूम काढला. मेअखेर नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद त्यांनीच स्वीकारले आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतरांनी निवडून देण्याच्या सूचनेला तेथे स्पष्ट विरोध झाला. जुलैमध्ये आंबेडकर लंडनला गेले, १ ऑगस्ट रोजी लोकमान्य टिळक निवर्तले, आणि गांधींचे असहकाराचे आंदोलन देशभर पसरले. वर्षअखेरीच्या निवडणुकीत अस्पृश्यांच्या वाट्याला सरकारी नियुक्तीच आली, म्हणजे माणगावचा मुख्य ठराव त्या घडीला तरी अयशस्वी ठरला. ६ मे १९२२ रोजी शाहू छत्रपतींचे वयाच्या ४८ व्या वर्षी मुंबईत निधन झाले, त्या वेळी आंबेडकर युरोपातच होते. ते १९२३ मध्ये परतले, पुढच्या वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन माणगावच्या ठरावातील पाणवठ्याचा हक्क प्रत्यक्ष बजावला. वेगळ्या प्रतिनिधित्वाची मागणी गोलमेज परिषदेपर्यंत गेली आणि १९३२ च्या पुणे कराराने तिला राखीव जागांचे रूप मिळाले.

वतनाचा प्रश्न मात्र सीमेच्या पलीकडे तसाच राहिला. करवीर दरबाराने १९१८ मध्ये जो हुकूम काढला, त्याचा अंमल नेसरीच्या पुढे चंदगडच्या ब्रिटिश हद्दीत नव्हता. तेथे १८७४ चा वतन कायदा चालू होता, आणि तो बदलण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेले विधेयक कायद्यात उतरू शकले नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड बेळगावातून निघून कोल्हापूर जिल्ह्याला जोडले गेले, आणि कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये, आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षांनी, संमत झाला.